टुटाचे नाव पाच वेळा का बदलले?

टुटा ही टोमॅटोवरची कीड. टोमॅटोच्या पानावर बसलेला तिचा पतंग सहजी नजरेस पडत नाही. लांबी जेमतेम ५ ते ७ मिलिमीटर, रंग करडा, पुढच्या पंखांवर काळसर ठिपके. भिंग धरले की मात्र बघतच राहावे असे रूप! दोऱ्यासारख्या शृंगिकांवर (अँटेनांवर) फिकट आणि गडद मणी एकाआड एक ओवल्यासारखे दिसतात. तोंडापुढचे दोन स्पर्शक शिंगांसारखे वर वळलेले असतात. ही वळणदार शिंगे म्हणजे गेलेचिडी कुळाची ठळक खूण. कपाशीची गुलाबी बोंडअळी आणि बटाट्यावरची पाकोळी याच कुळातल्या.

कूळ ओळखणे सोपे, पण प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) ठरवताना अभ्यासकांचा कस लागला. १९१७ साली पतंगांचे अभ्यासक एडवर्ड मेरिक यांनी पेरूमधल्या वानकायो इथल्या नमुन्यांवरून ही जाती अब्सोल्यूटा या नावाने नोंदवली. ती त्यांनी थोरिमिया या प्रजातीत घातली. बटाट्याची पाकोळीही त्याच प्रजातीतली. मेरिक यांचा भर पंखांच्या शिरांवर असे. पण या गटातले पतंग वरून इतके सारखे दिसतात की खात्रीसाठी नराची जननेंद्रिये सूक्ष्मदर्शकाखाली पाहावीच लागतात. ही पद्धत रुळली आणि जुन्या मांडणीला हादरे बसू लागले. १९६२ मध्ये क्लार्क यांनी ही जाती नोरिमोशेमा प्रजातीत हलवली. दोनच वर्षांत पोवोल्नी यांनी तिला स्क्रोबिपाल्पुलात नेले, १९८७ मध्ये स्क्रोबिपाल्पुलॉइड्समध्ये आणि १९९४ मध्ये टुटामध्ये.

हेच नाव जगभर गेले, कारण २००६ साली ही कीड स्पेनमध्ये पोहोचली तेव्हा ते चलनात होते. २०१४ मध्ये महाराष्ट्रातल्या टोमॅटोवर ती सापडली, तीही टुटा म्हणूनच.

२०२१ मध्ये शरीररचनेची तपशीलवार तुलना करून नातेसंबंध पुन्हा मांडले गेले, आणि टुटा ही प्रजातीच थोरिमियात विलीन झाली. मेरिक यांनी दिलेली जागा शंभर वर्षांनी परत मिळाली, याचे मला फार अप्रूप वाटते. नियमानुसार जातीची प्रजाती बदलली की मूळ लेखकाचे नाव कंसात जाते. आता ‘थोरिमिया अब्सोल्यूटा मेरिक, १९१७’ असे लिहिताना तो कंस गळून पडला आहे.

जुने संशोधन शोधताना मात्र सगळी नावे हाताशी ठेवावीत. दक्षिण अमेरिकेतले कित्येक मोलाचे अभ्यास अजून स्क्रोबिपाल्पुला या नावाखालीच सापडतात.