कंडिशनर लावला की आवाज खुलतो? नाही भावा

राजारामपुरीतल्या मित्राने होम थिएटर घेतलं तर दुकानदार म्हणे पॉवर कंडिशनर (प्लगमधली वीज गाळून सेटला देणारा डबा) लावा, आवाज खुलतो आणि वीज पडली तरी सेट वाचतो. दोन्ही थापा. टीव्ही, अँप्लिफायर आलेली 230 व्होल्टची एसी आतच डीसी करून, गाळून वापरतात, मग बाहेर अजून एक गाळणी लावून कानाला सहसा काय फरक पडणार? घूं आवाज येत असेल तर तो बहुतेक ग्राउंड लूप, म्हणजे जोडलेल्या उपकरणांच्या अर्थिंगमधून केबलवाटे फिरणारा करंट. झटक्यापासून वाचवते ती एमओव्ही, सर्ज प्रोटेक्टरमधली नाण्याएवढी चकती, व्होल्टेज उसळलं की ती झटका अंगावर घेते पण दरवेळी थोडी झिजते, त्यामुळे जुन्या बोर्डाचा लाल दिवा लागतोय म्हणजे ती शाबूत आहेच असं नाही. अर्थिंगही तपासून घ्या. आणि वळीव गडगडायला लागला की सरळ प्लग उपसायचा, डिशची केबल पण.