जंतू पेशीकडून काय करून घेतो: मोडशी, हिवताप, माकडताप

1543 मध्ये जुन्या गोव्यात मोडशीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली. गास्पार कोर्रैया या पोर्तुगीज बखरकाराने तिची हकीकत लिहून ठेवली आहे. ओकाऱ्या, जुलाब, हातापायांत गोळे, आणि सकाळी धडधाकट असलेला माणूस बघता बघता गेलेला. मयतं इतकी वाढली, की लोकांनी धसका घेऊ नये म्हणून गव्हर्नर मार्तिम आफोंसो द सोझाने मयताच्या घंटा वाजवायला बंदी केली. त्यानेच एका मृताचं शरीर उघडून पाहायला लावलं. जठर आकसून सुरकुतलं होतं. बाकी बोट ठेवून दाखवावं असं काही सापडलं नाही.

ही शेवटची नोंद मला फार मोलाची वाटते. इतक्या झपाट्याने माणूस मारणारा रोग, आणि आत पाहावं तर काहीच मोडलेलं नाही! याचं उत्तर मिळायला चारशेहून अधिक वर्षं जावी लागली. जंतू शरीरात शिरून नासधूस करतो, अशी आपली साधारण समजूत असते. पुष्कळदा तो जिवंत, शाबूत पेशीला कामाला लावतो. गोव्याला ज्या आजारांनी छळलं, त्यांच्या इतिहासात हे फार स्पष्ट दिसतं.

साथीनंतर वीस वर्षांनी, 1563 मध्ये, गोव्यातच एक ग्रंथ छापला गेला. लेखक गार्सिया द ओर्ता, 1534 साली गोव्यात आलेला पोर्तुगीज वैद्य. पणजीच्या चर्चजवळच्या नगरपालिका उद्यानाला आजही त्याचं नाव आहे. मोडशीच्या रोग्याचं त्याने केलेलं वर्णन आजच्या डॉक्टरलाही पटेल असं आहे: नाडी जेमतेम लागते, अंग गार, पण रोगी आग होतेय म्हणून सांगतो, तहान भागत नाही, डोळे खोल गेलेले. इथले वैद्य काय उपचार करतात तेही त्याने टिपलं. मिरी आणि जिरं घालून तांदळाचं पाणी, म्हणजे आपली पेज, ते रोग्याला पाजत. ही पेज पुढे पुन्हा येणार आहे.

जुन्या गोव्याचं पुढे काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. जांभ्याची जमीन पाझरणारी, घाण आणि विहिरी जवळजवळ, भोवती दलदल. मोडशी आणि हिवतापाने शहर पोखरत गेलं. 1759 मध्ये व्हाइसरॉयने मुक्काम पणजीला हलवला आणि 1843 मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. त्याच्या आदल्या वर्षी, 1842 मध्ये, गोव्याचं मेडिकल स्कूल सुरू झालं. आजच्या बांबोळीच्या गोमेकॉची, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजची, मुळं तिथली. रोग दूषित हवेतून येतो असं तेव्हा बहुतेक डॉक्टर मानत होते, त्यामुळे विद्यार्थीही तेच शिकत असणार.

1884 मध्ये रॉबर्ट कॉखने कलकत्त्यात कॉलऱ्याचा स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू वेगळा काढला. जंतू मिळाला, पण तो माणूस कसा मारतो हे मिळालं नाही. हा जंतू विष सोडत असावा असा कॉखचा कयास होता, तो त्याला सिद्ध करता आला नाही. दुसरीकडे, आतड्याचं अस्तरच सोलून निघतं आणि म्हणून पाणी वाहतं, असं दीर्घकाळ मानलं गेलं. मृत्यूनंतर काही तासांनी आतडं तपासलं तर अस्तर खरोखरच सुटलेलं दिसायचं. ते मृत्यूनंतर सुटतं, हे ध्यानात यायला 1960 उजाडलं. त्या सुमारास बँकॉकमध्ये जिवंत रोग्यांच्या आतड्याचे सूक्ष्म तुकडे काढून पाहिले गेले, आणि अस्तर जागच्या जागी होतं.

त्याच्या एक वर्ष आधी कलकत्त्यात शंभुनाथ डे यांनी कोडं सोडवलं होतं. त्यांचा प्रयोग थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. सशाच्या लहान आतड्याचा एक तुकडा त्यांनी दोन्हीकडून दोऱ्याने बांधला. तुकडा शरीरातच, रक्तपुरवठा चालू. त्यात कॉलऱ्याचे जंतू टोचले. दुसऱ्या दिवशी पोट उघडलं तर तो तुकडा पाण्याने टम्म फुगलेला. हे 1953 मधलं काम. मग 1959 मध्ये त्यांनी जंतू ज्या द्रवात वाढवले होते तो द्रव गाळून घेतला. त्यात एकही जंतू उरला नव्हता. तोच द्रव टोचला, आणि आतडं तसंच फुगलं. म्हणजे जंतूने पेशीत शिरायचीही गरज नव्हती. त्याने सोडलेलं विष पुरेसं होतं. नोबेल विजेत्या शास्त्रज्ञांनी पुढे डे यांच्या कामाची थोरवी सांगितली, पण हयातीत त्यांच्या वाट्याला मोठा सन्मान आला नाही. कॉखचं नाव शाळेत शिकवतात तसं डे यांचंही शिकवावं, असं मला मनापासून वाटतं.

विष पेशीत नेमकं काय करतं हे पुढच्या दोन-अडीच दशकांत उलगडत गेलं. या विषाचे दोन भाग असतात. पाच तुकड्यांचं एक कडं पेशीच्या पृष्ठभागावरच्या जीएम-वन नावाच्या शर्करायुक्त स्निग्ध रेणूला चिकटतं. पेशी त्याला आत ओढून घेते. मग दुसरा भाग सुटा होऊन पेशीच्या आतल्या पडद्यांच्या जाळ्यातून उलटा प्रवास करतो. बिघडलेली प्रथिनं बाहेर टाकायची जी सोय पेशीकडे असते, तिच्यातूनच तो निसटतो. मोकळा झाला की तो एका संदेशवाहक प्रथिनाला कायमचं चालू करून ठेवतो, नळाची चावी फिरून उघड्यावरच अडकावी तसा. पेशीत निरोप पोचवणारा सायक्लिक एएमपी हा रेणू वाढत जातो, क्लोराइड आतड्याच्या पोकळीत ओतला जातो, मागोमाग सोडियम आणि पाणी. पेशी मरत नाही, फाटत नाही. स्वतःचंच नेहमीचं काम ती थांबल्याशिवाय करत राहते. 1543 मध्ये उघडलेल्या त्या देहात डोळ्यांना काही का दिसलं नाही, ते इथे कळतं.

पेशी शाबूत राहते यातच उपचारही होता. ग्लुकोज आणि सोडियम आतड्याच्या पेशीत जोडीने शिरतात, हे रॉबर्ट क्रेन यांनी 1960 मध्ये मांडलं. कॉलऱ्याचं विष ही वाट बंद करत नाही. म्हणून मीठ आणि साखर ठरावीक प्रमाणात पाण्यातून दिली, की जुलाब चालू असतानाही शरीर पाणी ओढून घेतं. 1971 मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बोनगावच्या छावणीत सलाइन संपत आलं, तेव्हा दिलीप महालनाबिस यांनी असं पाणी पिंपांतून वाटलं. मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास होतं, ते 3.6 टक्क्यांवर आलं. आज ओआरएसच्या, म्हणजे जुलाबावर द्यायच्या मीठ-साखरेच्या, पाकिटावर लिटरमागे 13.5 ग्रॅम ग्लुकोज आणि 2.6 ग्रॅम मीठ असा जो हिशेब असतो, त्यामागे ही एक वाट आहे. पेजेतला स्टार्च पचून त्याचं ग्लुकोजच होतं. तांदळाच्या पिठाचं ओआरएस पुढे बांगलादेशात वापरात आलं आणि कॉलऱ्यात ते चांगलं लागू पडलं. ओर्ताने टिपलेल्या पेजेत मीठ किती होतं ते त्याने लिहिलेलं नाही, आणि मिठाशिवाय पेज पुरी पडत नाही. पण त्या वैद्यांची दिशा चुकीची नव्हती.

हिवतापाची गोष्ट वेगळी. इथे परजीवी खरोखर पेशीच्या आत राहायला येतो. फ्रेंच डॉक्टर लॅव्हरानने 1880 मध्ये तो अल्जीरियात रक्तात पाहिला, ब्रिटिश डॉक्टर रॉसने 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादेत डासाच्या पोटात. मधला मोठा तुकडा मात्र गहाळ होता. डास चावल्यानंतर आठवडाभर किंवा अधिक काळ रक्तात काहीच सापडत नाही, मग परजीवी असतो कुठे? 1948 मध्ये शॉर्ट आणि गार्नहॅम यांनी दाखवलं, की यकृताच्या पेशीत. आणि 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला क्रोटोस्की यांनी व्हायवॅक्स जातीचं निद्रिस्त रूप यकृतात शोधलं. हे रूप पेशीत महिनोन् महिने गप पडून राहतं.

पणजीत याचा अर्थ लोकांनी अंगावर अनुभवला. 1986 च्या सुमारास शहरात हिवतापाचा मोठा उद्रेक झाला. बांधकामं वाढली होती, कामगार बाहेरून येत होते, आणि अ‍ॅनॉफेलिस स्टीफेन्सी हा डास साचवलेल्या स्वच्छ पाण्यात, गच्चीवरच्या टाक्यांत, विहिरींत, बांधकामावरच्या पाण्यात वाढत होता. गोव्यात रुग्ण प्रामुख्याने व्हायवॅक्सचे. ताप येतो, गोळ्या घेऊन उतरतो, रक्त स्वच्छ दिसतं. काही महिन्यांनी तोच माणूस पुन्हा हुडहुडत दवाखान्यात. नवा डास चावलेला असेलच असं नाही. यकृतातली झोप मोडलेली असते. म्हणून क्लोरोक्विनबरोबर चौदा दिवस प्रायमाक्विन देतात. ताप गेल्यावर ते अर्ध्यात सोडायचा मोह फार होतो. शिवाय जी-सिक्स-पीडी हे विकर ज्यांच्यात कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटू शकतात, म्हणून ते डॉक्टरच्या देखरेखीखालीच घ्यायचं.

यकृतातून सुटलेला परजीवी तांबड्या पेशीत शिरतो. 1975 मध्ये हे शिरणं प्रथमच चित्रफितीत टिपलं गेलं. तो पेशीला चिकटतो, पेशीचा पडदा थरथरतो, परजीवी टोकाकडून वळतो आणि मिनिटाच्या आत आत जातो. व्हायवॅक्सला त्यासाठी डफी नावाचं प्रथिन लागतं. लुई मिलर यांनी 1976 मध्ये ते दाखवलं. पश्चिम आफ्रिकेतल्या बहुसंख्य लोकांच्या तांबड्या पेशींवर डफी नसतं आणि तिथे व्हायवॅक्स जवळजवळ आढळत नाही. हिवतापाच्या दुसऱ्या जातीचं, फाल्सिपेरमचं, वागणं याहून घातक. तो तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर स्वतःची प्रथिनं आणून बसवतो, त्यामुळे ती पेशी केशवाहिनीच्या भिंतीला चिकटून राहते आणि प्लीहेच्या गाळणीत सापडत नाही. असं चिकटणं मेंदूत झालं की रोगी बेशुद्ध होतो.

इथे एका गोवेकराचं नाव घ्यायला हवं. बाणावलीचे फ्रॉइलानो द मेलो (1887 ते 1955) गोव्याच्या मेडिकल स्कूलचे प्रमुख होते आणि त्यांनी परजीवींवर आयुष्यभर काम केलं. पणजीचे महापौर म्हणूनही ते अनेकांना ठाऊक आहेत. सूक्ष्मदर्शकापाशी बसलेले मेलो कमी लोकांना आठवतात.

माकडताप गोव्याला अलीकडे भेटला. 1957 मध्ये कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरत होती, माणसं तापत होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने विषाणू वेगळा काढला. गोव्यात तो 2015 मध्ये सत्तरीतल्या पाली गावात आढळला. हंगाम साधारण डिसेंबर ते मे, आणि काजूचे बोंडू गोळा करायचे दिवसही त्यातच येतात.

हा विषाणू डेंगीच्याच कुळातला, आणि पेशीत शिरायची या कुळाची रीत ठरलेली आहे. माणसात तो गोचिडीच्या चाव्यातून येतो. गोचिडीची पिल्लं इतकी लहान, की चावा कळतही नाही. गोचिडीच्या लाळेतले पदार्थ त्या जागेची वेदना आणि प्रतिकार दोन्ही मंदावतात. पेशी विषाणूला पडद्याच्या फुग्यात गुंडाळून आत घेते. फुगा आतून आंबट होत जातो. एरवी हे आम्ल गिळलेली वस्तू पचवण्यासाठी असतं, इथे मात्र त्यानेच विषाणूच्या कवचावरचं प्रथिन आकार बदलतं, विषाणूचं आवरण फुग्याच्या पडद्यात मिसळतं आणि त्याचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय मजकूर, पेशीत मोकळा होतो. पेशीची प्रथिनं बनवणारी यंत्रणा तो स्वतःच्याच आरएनएसारखा वाचू लागते.

मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचिडी नवा यजमान शोधत भोवताली पसरतात. सत्तरीत बागायतीत जाणाऱ्यांना म्हणून सांगितलं जातं, की पाय झाकणारे कपडे घाला, उघड्या अंगाला गोचीड पळवणारं औषध लावा, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करून अंग नीट तपासा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवायचं.