बिडीने छाती खरोखर मोकळी होते का?

नागपुरात पहाटे एखाद्या पानठेल्यापाशी उभे राहिले, तर ओल्या खोकल्याची उबळ हमखास कानी पडते आणि पाठोपाठ हेही, की पहिली बिडी ओढल्याशिवाय छाती मोकळी होत नाही. कफ पडतो हे खरेच आहे. पण तो साचतो कशामुळे, हे पाहिले तर हा समज टिकत नाही.

श्वासनलिकेच्या अस्तरावर पक्ष्माभिका, म्हणजे केसांसारखे अतिसूक्ष्म तंतू असतात आणि त्यांच्यावर चिकट द्रावाचा पातळ थर असतो. श्वासातून आलेली धूळ आणि जंतू या थरात अडकतात. सेकंदाला साधारण 10 ते 15 वेळा, धानाच्या बांधीवरून वाऱ्याची लाट जावी तशा या पक्ष्माभिका हलतात आणि तो थर घशाकडे सरकवत नेतात; तिथे आपण तो नकळत गिळतो. तंबाखूच्या धुरातील अ‍ॅक्रोलिनसारखी रसायने ही हालचाल मंदावतात. वर्षानुवर्षे धूर जात राहिला, की पक्ष्माभिका आखूड होतात, विरळ होतात, आणि द्राव स्रवणाऱ्या पेशी मात्र वाढतात. केर वाढला आणि झाडणारे घटले, की रात्रभर साचलेला कफ बाहेर काढायला खोकल्यावाचून मार्ग उरत नाही. बिडी तेंदूच्या पानाची असली म्हणून सौम्य ठरत नाही. उलट ती सारखी विझू पाहते, त्यामुळे झुरके अधिक घ्यावे लागतात.

त्याहून खोल, वायुकोशांत, धुरामुळे जमलेल्या श्वेतपेशी इलॅस्टेज नावाचे विकर सोडतात. फुप्फुसाची लवचीकता राखणारे तंतू त्याने तुटतात, शेजारचे वायुकोश फुटून एक होतात आणि प्राणवायू शोषणारा पृष्ठभाग कायमचा घटतो. तो कोणत्याही काढ्याने परत येत नाही. फुप्फुसे ‘धुऊन काढणारे’ चहा आणि चूर्णे विकणे ही लोकांची फसवणूक आहे.

ब्रिटनमधील पुरुष डॉक्टरांचा 1951 पासून 50 वर्षे पाठपुरावा करून रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये दाखवले, की आयुष्यभर सिगारेट ओढणारे ती कधीच न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी 10 वर्षे आधी मरण पावतात. साठीला सोडणाऱ्यास त्यांतील सुमारे 3, पन्नाशीला 6, चाळिशीला 9 वर्षे परत मिळतात. तिशीत सोडल्यास जवळजवळ सगळीच.

सोडल्यावर पहिले काही आठवडे काहींचा खोकला वाढतो आणि घाबरून ते पुन्हा बिडी पेटवतात. वास्तविक त्या वेळी पक्ष्माभिका पुन्हा हलू लागलेल्या असतात आणि इतके दिवस अडकून पडलेला कफ वर येत असतो.