सोशल वर्कर म्हणजे नक्की कोण?

मुलांवरच्या अत्याचाराची बातमी आली की "समाजसेवक काय करत होते" असं कोणीतरी विचारतंच. पण कुठले समाजसेवक? आपल्याकडे वाढदिवसाच्या फ्लेक्सवर हात जोडून उभा असतो तोही समाजसेवक आणि एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करून वस्तीत घरोघरी फिरते तीही समाजसेवकच.

मुलांच्या संरक्षणाच्या कामाची सुरुवात जुनी आहे, मुंबई इलाख्याचा बालकांचा कायदा १९२४ चा, १९३६ मध्ये मुंबईत समाजकार्याचं शिक्षणही सुरू झालं. पण घोळ झाला तो पुढे. १९८६ च्या बाल न्याय कायद्याने गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांची प्रकरणं बघणाऱ्या बाल न्यायालयाच्या मदतीला दोन मानद समाजसेवक दिले, त्यातली एक तरी बाई हवी. मानद म्हणजे पगारी नोकरी नाही, थोडक्यात प्रतिष्ठित मंडळी. २००० च्या नव्या कायद्यात असे दोघं त्या न्यायालयाच्या जागी आलेल्या बाल न्याय मंडळाचे सदस्य झाले, मॅजिस्ट्रेटच्या शेजारी बसून निर्णय देणारे. आणि २०१५ च्या कायद्यात या सदस्यांची पात्रता बघा, मुलांसाठीच्या कामाचा सात वर्षांचा अनुभव, नाहीतर बालमानसशास्त्र, मानसोपचार, समाजशास्त्र किंवा कायद्याची पदवी असलेला प्रॅक्टिस करणारा माणूस. पदाचं नावच सोशल वर्कर आणि पदव्यांच्या यादीत सोशल वर्क नाही! काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांचे निर्णय घेणाऱ्या बालकल्याण समितीच्या यादीत मात्र आहे. मला तरी याचं लॉजिक कळलेलं नाही.

हिंसा आधीच रोखायची तर दारू पिऊन मारणारा बाप, अचानक शाळा सुटलेली पोरगी हे ज्याला दिसतं तो माणूस लागतो, आणि तो खुर्चीवर नसतो, वस्तीत असतो. २००९ च्या केंद्राच्या योजनेतून जिल्हा बाल संरक्षण कक्ष आले, त्यात सोशल वर्कर आणि आउटरीच वर्कर (वस्तीत जाऊन काम करणारे) ही पदं आली, तीही कंत्राटी. अख्ख्या जिल्ह्याला मोजून दोन-चार माणसं, गाव गाठेपर्यंतच दिवस जातो.

२०१२ च्या पोक्सोने, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याने, अजून एक भूमिका दिली, तपासापासून खटल्यापर्यंत मुलाच्या सोबत राहणारी सपोर्ट पर्सन. उपयोगाचीच आहे, पण ती येते घटना घडून गेल्यावर. शिवाय गुन्हा कळला आणि पोलिसांना कळवलं नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, म्हणजे "कोणाला सांगू नका ताई" म्हणणाऱ्या मुलीला ताई शब्द देऊच शकत नाही.

१९९६ मध्ये मुंबईतच सुरू झालेली मुलांसाठीची १०९८ हेल्पलाइन बरीच वर्षं संस्थांचे कार्यकर्ते चालवायचे, फोन आला की तेच धावत जायचे. २०२३ पासून ती सरकारने आपल्याकडे घेऊन ११२ या आपत्कालीन नंबरला जोडली, आता धावायचं काम त्याच कंत्राटी कक्षाकडे.