मेनिएर विकार : शस्त्रक्रियेच्या वादाची पार्श्वभूमी

गरगरण्याचे मूळ मेंदूत नसून अंतर्कर्णात असू शकते, हे पॅरिसमध्ये १८६१ साली मांडले गेले आणि मांडणाऱ्या डॉ. मेनिएर यांचे नाव पुढे चक्करेचे झटके आणणाऱ्या या विकाराला मिळाले. अंतर्कर्णात द्रव साचून पडदे फुगतात, हे शवविच्छेदनातून कळायला मात्र १९३८ उजाडावे लागले. मौज अशी की, द्रवाला वाट करून देणारी शस्त्रक्रिया फ्रान्समध्ये त्याच्या दहा-एक वर्षे आधीच सुरू झाली होती. या पुराव्याने तिला आयते समर्थन मिळाले आणि पुढची कित्येक दशके तिच्याविषयी फारसे कोणी प्रश्न विचारले नाहीत.

ती खरोखर उपयोगी पडते का, हा प्रश्न डेन्मार्कमधील शल्यचिकित्सकांनी विचारला. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत ३० रुग्ण होते. निम्म्या रुग्णांच्या अंतर्कर्णातील द्रवाच्या पिशवीला निचऱ्याची वाट करून देण्यात आली. उरलेल्यांचे कानामागचे हाड तेवढे कोरले आणि पिशवीला हातही न लावता जखम शिवली. कोणावर काय केले, हे रुग्णांना ठाऊक नव्हते. चक्कर, कानातला आवाज, दडे बसणे यांची नोंद ते रोजच्या रोज करीत होते. वर्षअखेरीस दोन्ही गटांना लक्षणीय आराम पडला होता आणि दोहोंत दखल घेण्याजोगा फरक नव्हता.

शस्त्रक्रियेचा हा देखावा नैतिक होता का, यावर वाद झाला. परंतु अधिक बोचला तो निष्कर्ष. हाड कोरणे हाही एक उपचारच ठरत असावा, रुग्णसंख्या तुटपुंजी होती, असे आक्षेप आले. २००० साली त्याच आकडेवारीची फेरमांडणी करून खऱ्या शस्त्रक्रियेच्या बाजूने फरक दाखवण्यात आला. हे आक्षेप निराधार नाहीत. तरीही, त्याआधी इतकी वर्षे तुलनेसाठी दुसरा गटच नसलेल्या रुग्णमालिकांवर विसंबणाऱ्यांनी या एकाच चाचणीला इतकी कडक फूटपट्टी लावावी, हे खटकते. या विकाराचे झटके लागोपाठ येतात आणि मग महिनोन्‌महिने थांबतात. रुग्ण शस्त्रक्रियेला तयार होतो तो बहुधा त्रास शिगेला पोहोचल्यावर, त्यामुळे त्यानंतर येणाऱ्या उताराचे श्रेय हातातल्या उपचाराला सहज मिळते. शस्त्रक्रिया नाकारलेल्या रुग्णांच्या एका अमेरिकी पाहणीत दोन वर्षांत ५७ टक्के रुग्णांची चक्कर आपोआप थांबलेली आढळली होती.

म्हणूनच नंतरच्या उपचारांकडेही याच नजरेने पाहावे लागते. कानाच्या पडद्यातून दिले जाणारे जेंटामायसिन हे प्रतिजैविक चक्कर आटोक्यात आणते, पण ते तोलाच्या संवेदनपेशी मारून, आणि त्यात ऐकू येणेही धोक्यात येऊ शकते. २०१६ मध्ये ब्रिटनमधील ६० रुग्णांत स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने झटके जवळपास जेंटामायसिनइतकेच कमी झाले. त्या तुलनेत निष्क्रिय औषधाचा गट मात्र नव्हता. आपल्याकडे चक्करेवर सर्रास लिहून दिल्या जाणाऱ्या बीटाहिस्टीनची परीक्षा त्याच वर्षी जर्मनीतील २२१ रुग्णांवरील चाचणीत झाली. कमी मात्रा, तिप्पट मात्रा आणि निष्क्रिय गोळी असे तीन गट नऊ महिने पाहिले गेले. झटके तिन्ही गटांत कमी झाले आणि गटागटांत फरक आढळला नाही. गोळी अजूनही लिहून दिली जाते.