निजामी तिकीट आणि ग्वाल्हेरी तिकीट

मराठवाड्यातल्या जुन्या पेट्यांतून संस्थानी तिकिटं निघाली की हैदराबाद आणि ग्वाल्हेर एकाच ढिगात जातात. असं करू नका. संस्थानं दोन्ही, पण टपालाची व्यवस्था पार वेगळी.

हैदराबादचं टपाल निजामाचं स्वतःचं. पहिलं तिकीट १८६९ चं, एक आण्याचं. हा आणा हाली शिक्क्याचा, म्हणजे निजामाच्या स्वतःच्या नाण्याचा. सात हाली रुपये म्हणजे साधारण सहा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये. तिकीट चालायचं ते फक्त संस्थानाच्या हद्दीत. परभणीहून औरंगाबादला पत्र जाई, पण पुण्याला धाडायचं तर इंग्रजी टपालाचं तिकीट हवं. लंडनचं पत्रही त्याच वाटेनं, कारण १८७६ साली आंतरराष्ट्रीय टपाल संघात ब्रिटिश हिंदुस्थान सामील झाला होता.

ग्वाल्हेरनं १८८५ पासून इंग्रज सरकारशी करार करून त्यांचीच तिकिटं घेतली आणि त्यांवर संस्थानाचं नाव छापून वापरली. पटियाला, नाभा, जिंद, चंबा, फरीदकोट यांचंही तसंच. करारामुळे ही तिकिटं संस्थानाबाहेर, ब्रिटिश हिंदुस्थानातही चालत.

म्हणून आधी चेहरा बघा. राणीचा किंवा राजाचा चेहरा आणि त्यावर बहुधा काळ्या शाईत 'ग्वालियर' असेल, तर ते कराराचं तिकीट. निजामी तिकिटावर चेहरा नसतो. उर्दूसोबत मराठी अक्षरंही सापडतात. १९३१ च्या मालिकेत तर आपलाच मुलूख आहे: आठ आण्यांवर अजिंठ्याच्या लेण्यांचं प्रवेशद्वार, एक रुपयावर दौलताबाद. मराठवाड्याच्या संग्रहात ही दोन असायलाच हवीत.

खरी फसगत होते ती 'सरकारी' तिकिटांत. कचेऱ्यांच्या पत्रांसाठी निजामी तिकिटावर उर्दूत 'सरकारी' असा शिक्का छापत. वरून छापलेलं दिसलं की लोक ते कराराचं समजतात. तसं नाही. ते निजामाच्याच तिकिटावरचं, निजामाच्याच खात्यासाठीचं छापकाम.

ग्वाल्हेरी तिकिटात नकलीची भीती जास्त, कारण साधं इंग्रजी तिकीट घेऊन त्यावर नाव छापणं सोपं. भिंगाखाली पाहा: टपालाच्या शिक्क्याची शाई नावाच्या वर असली पाहिजे. नावच शिक्क्यावर चढलेलं दिसलं, तर ते नंतर कुणीतरी छापलंय.

आणि लिफाफ्यावरचं तिकीट पाण्यात भिजवून सोडवू नका. पत्र कुठून कुठे गेलं हे लिफाफाच सांगतो, आणि निजामी तिकीट हद्दीतच चाललं की नाही, याचा पुरावाही त्यावरच असतो.