मजकुराऐवजी आकडा: ट्विट-संशोधनाची पार्श्वभूमी

समाजमाध्यमांवर लोक कसे बोलतात याचा अभ्यास बराच काळ, खरं सांगायचं तर, ट्विटचाच अभ्यास होता. वापरणारे तिथे सर्वांत जास्त होते असं मुळीच नाही. फेसबुकवरचं बरंचसं बोलणं मित्रयादीच्या आड होतं, ट्विटरवरचं उघड्यावर होतं आणि एपीआयमधून (प्रोग्रॅमने डेटा मागवण्याच्या दारातून) फुकट मिळत होतं, एवढंच.

1980 पासूनचं यूझनेट (संगणक-जाळ्यावरचे चर्चागट) आणि 1990 च्या दशकातल्या चॅटरूम यांच्या अभ्यासकांनी संदेश हाताने वाचले, त्यांवर खुणा केल्या: बोलण्याची पाळी कोण घेतं, विषय कुठे सरकतो. ट्विटरवरचं सुरुवातीचं कामही याच वळणाचं होतं. तेव्हा लोक रीट्वीट, म्हणजे दुसऱ्याचं ट्विट पुढे पाठवणं, हाताने करत. आधी 'आरटी', मग मूळ लेखकाचं नाव. 140 अक्षरांत बसवायला मजकूर छाटत, जाता जाता स्वतःचा शेरा जोडत. नोव्हेंबर 2009 मध्ये बटण आलं आणि शब्दशः नक्कल सुरू झाली. त्यामुळे बटणाच्या आधीचे आणि नंतरचे रीट्वीटचे आकडे एका तक्त्यात मांडणं चूक आहे. तरी ते सर्रास मांडले गेले. 2010 मध्ये 4.17 कोटी खाती आणि त्यांच्यातले 147 कोटी अनुसरण-संबंध (कोण कुणाला फॉलो करतं) एकाच शोधनिबंधात आले. इथून वाचणं मागे पडलं, मोजणं पुढे आलं.

2011 च्या सुरुवातीचा निर्णय मात्र आजही वादाचा आहे. गोळा केलेल्या ट्विटचा मजकूर इतरांना फाइल करून वाटण्यास कंपनीने मनाई केली. वाटायचे ते फक्त आयडी, म्हणजे प्रत्येक ट्विटचा ओळख-क्रमांक. ज्याला मजकूर हवा त्याने ते आयडी एपीआयला देऊन तो पुन्हा मागवायचा. याला 'हायड्रेशन' म्हणतात: सुकवून ठेवलेल्याला पाणी घालून फुलवायचं. फुकटच्या एपीआयच्या काळात एका विनंतीत 100 आयडी आणि पंधरा मिनिटांत जास्तीत जास्त 900 विनंत्या चालत. म्हणजे दहा लाख ट्विट तीन तासांच्या आत येत.

या मनाईची बाजू घेणाऱ्यांचं म्हणणं असं की लिहिणाऱ्याने ट्विट पुसलं तर ते संशोधकाच्या संचातूनही जावं. मुद्दा रास्त आहे, आणि तो 'सार्वजनिक' या शब्दाच्या गुंत्याशी येऊन भिडतो. पोस्ट कुणालाही दिसते म्हणून ती सार्वजनिक. पण ती जाहीर होती का? सभेत माइकवरून बोललेलं जाहीर असतं. चार ओळखीच्यांसाठी लिहिलेलं आणि दार उघडं राहिल्याने बाहेर ऐकू गेलेलं तसं नसतं. नीतिसमित्यांनी बहुतेक वेळा पहिला अर्थ धरला आणि 'संमती लागत नाही' असा शिक्का मारला.

पण पुसण्याचा हा हक्क जपण्याची किंमत पडताळणीने मोजली, आणि ती कमी लेखली गेली असं आमचं मत आहे. हायड्रेशनमध्ये गळणारी ट्विट सरसकट, योगायोगाने गळत नाहीत. शिवीगाळ, स्पॅम, बॉट (आपोआप ट्विट करणारे प्रोग्रॅम) यांची खाती निलंबित होतात. वादातली ट्विट लिहिणारेच पुसतात. म्हणजे ज्यांचा अभ्यास करायचा तीच आधी नाहीशी होतात. वर्षभराने तोच प्रयोग करणाऱ्याला सौम्य झालेला संच मिळतो आणि मूळ निष्कर्ष अतिरंजित वाटतो. शिवाय एक क्षुल्लक पण घातक चूक: आयडी 18-19 अंकी, तर एक्सेल 15 अंकांपुढे शून्य भरतं. फाइल एकदा तिथे उघडून जतन केली की आयडी कायमचे बिघडतात. तो स्तंभ आयात करतानाच 'मजकूर' म्हणून घ्यावा लागतो.

नमुन्याची गोष्टही सरळ नव्हती. सगळ्या ट्विटपैकी 1 टक्का ट्विट ट्विटर येतील तशी फुकट देई. ही धार यादृच्छिक मानली जाई. प्रत्यक्षात सेकंदाच्या 657 ते 666 या दहा मिलिसेकंदांत नोंदलेली ट्विट तिच्यात येत. माणसाच्या बाबतीत हे चालून जातं. ठरलेल्या क्षणी ट्विट सोडणारा बॉट मात्र एकतर भरमसाट दिसतो, नाहीतर दिसतच नाही.

पुढचं घाईघाईने घडलं. 2018 मध्ये फेसबुकने एपीआय आवळली. जानेवारी 2021 मध्ये ट्विटरने संशोधकांना महिन्याला 1 कोटी ट्विट आणि संपूर्ण जुना साठा खुला केला. 2023 मध्ये तो फुकटचा दरवाजा बंद झाला. सशुल्क योजनांतल्या स्वस्त पायरीवर सुरुवातीला दरमहा 100 डॉलरला 10,000 ट्विट वाचता येत. वरचे दहा लाख आयडी फुलवायला त्या गतीने आठ वर्षांहून जास्त लागली असती. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्यातलं 40 वं कलम मोठ्या मंचांना संशोधकांसाठी डेटा देणं भाग पाडतं, पण जुन्या संचांतलं पुसलेलं त्यातून परत येत नाही.

अशा फाइलींतून पैसे न देता आज एकच गोष्ट निघते, ती म्हणजे वेळ. नोव्हेंबर 2010 मध्ये आलेल्या पद्धतीच्या आयडीला 41,94,304 ने भागावं, अपूर्णांक टाकावा आणि 1288834974657 मिळवावेत. 1 जानेवारी 1970 पासूनचे मिलिसेकंद मिळतात. ट्विट पुसलेलं असलं तरी ते कधी लिहिलं हे कळतं. त्याआधीचे आयडी नुसते क्रमांक आहेत, त्यांतून तेही असं थेट निघत नाही.